आल्याचा चहा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. चिपळूणच्या बाहेर, गुहागरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिची जमीन तेलाने काळी झालीय, इतकी की अनवाणी चाललात तर पाऊल उचलताना चिकट आवाज येतो. मध्ये एक करड्या रंगाची जुनी गाडी उभी आहे. तिचं बॉनेट उघडं आहे आणि इंजिन चालू आहे. तुमच्या हातात हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर आहे, असं समजा. त्याचं टोक इंजिनच्या लोखंडावर टेकवा आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावा. बघा, बाहेरचा गोंगाट मागे सरला ना? आता लोखंडाच्या पोटातलं ऐकू येईल. घाई करू नका. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काही कळायला अर्धा तास लागला होता.

ती शेड माझ्या वडिलांची, वामन पांचाळांची. मी त्यांना अण्णा म्हणायची, ते मला, कुंदाला, बाय म्हणायचे. मी त्या वर्षी बारा वर्षांची होते. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं शेडच्या मागच्या खोलीत राहत होतो.

कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की ती आधी अण्णांकडे यायची. रंग, टायर, गाद्या बघायला बाकीचे होते. इंजिन ऐकायला अण्णा. त्यांनी "घ्या" म्हटलं की माणूस घ्यायचा आणि "राहू दे" म्हटलं की दलालाने कितीही शपथा घातल्या तरी गाडी तशीच परत जायची.

त्या दिवशी शाळेतून आले तेव्हा ती करडी गाडी शेडमध्ये नुकतीच शिरली होती. चालवत आणणारा होता महाडिक, गाड्यांचा दलाल. अंगात सफारी, पायात पांढऱ्या चपला, बोटात किल्ली फिरवत. त्याच्या शेजारून उतरले ते तात्या घाग. कोळवणात त्यांची काजूच्या कलमांची बाग होती. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली.

"वामनशेठ, एकदा कान लावा आणि मोकळं करा आम्हाला," महाडिक म्हणाला. "तात्यांनी नारळसुद्धा आणलाय."

अण्णांनी उपडा हात बॉनेटवर ठेवला.

"गाडी गरम आहे."

"चालवत आणली ना. खांद्यावर घालून आणू?"

"गरम इंजिन लगेच सुरू होतं. त्यात त्याचं कौतुक नाही. थंड होऊ दे, मग बघू कसं उठतं ते." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "बाय, तात्यांना पाणी दे."

मुलांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. कुणी जुनी गाडी दाखवायला आणली, तर आधी तिच्या बॉनेटला हात लावावा. विकणारा बहुतेक वेळा तिला तापवूनच आणतो. अण्णांनी मला शिकवलेला हा पहिला धडा. पुढचे धडे त्यांनी तिथेच, तास-दीड तास वाट बघता बघता दिले. खरं तर ते तात्यांसाठी होते, पण बोलायचे माझ्याशी.

त्यांनी तेल बघायची पट्टी उपसली आणि तेलाचा थेंब दोन बोटांत चोळला. "हे बघ बाय. नवं आहे. आणि जाड आहे."

"कालच बदललं," महाडिक म्हणाला. "चांगली वस्तू द्यायची तर नीट करूनच द्यायची."

अण्णा महाडिकच्या तोंडाकडे बघत होते. त्यांची ती सवयच होती. कुणी बोललं की हातातलं काम थांबवून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. लोकांना त्याचं कौतुक होतं. वामन पांचाळ माणसाचं बोलणं किती मन लावून ऐकतो, म्हणायचे.

"जाड तेल कशाला घालतात ठाऊक आहे?" अण्णांनी मला विचारलं.

"आतला आवाज दबायला."

"काय गो," तात्या हसले. "तू पण मिस्त्रीण काय?"

"शिकतेय," अण्णा म्हणाले. "तेल तापलं की पातळ होतं. मग दाबलेलं वर येतं. म्हणून थंड इंजिन ऐकायचं ते वेगळं आणि पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर ऐकायचं ते वेगळं. दोन्ही ऐकल्याशिवाय बोलायचं नाही."

महाडिक रस्त्यापलीकडे पान खायला गेला. तात्या बाकावर बसून राहिले. पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर.

"मला गाडीची हौस नाही, वामनशेठ," ते म्हणाले. "माझी निर्मला बाळंतपणाला आलीय. हा महिना संपताना दिवस भरतील. गेल्या वर्षी पण आली होती. रात्रभर कळा देत होती. आमच्याकडून चिपळूण सव्वीस किलोमीटर आणि पहिली एसटी साडेसहाला. आम्ही एसटीची वाट बघत ओट्यावर बसलो. एसटी आली तेव्हा पोर जन्माला आली होती. पण ती रडली नाही."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले.

"त्या वेळी ठरवलं. या खेपेला दारात गाडी पाहिजे. मला बाकी काही नको. किल्ली फिरवली की सुरू झाली पाहिजे, आणि मधल्या चढावर बंद पडता कामा नये. एवढंच सांगा."

"एवढंच सांगतो," अण्णा म्हणाले.

आता तुम्हाला आमची एक गोष्ट सांगायला हवी. ती त्या वेळी फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती.

त्याच्या आदल्या वर्षीच्या गणपतीत अण्णांनी मला एक इंजिन ऐकायला लावलं होतं. विचारलं, "टिकटिक येतेय का?" येत होती, चांगली मोठी. मी तसं सांगितलं. अण्णांनी पुन्हा मूठ कानामागे लावली, मग दातांत धरून पाहिली, आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. त्या संध्याकाळी म्हणाले, "बाय, बारीक आवाज हल्ली निसटतात माझ्याकडून. मोठे येतात. हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलंस तर आपल्याकडे गाडी कोण आणेल?"

मग त्यांनीच युक्ती काढली. अण्णा आधी ऐकणार. मग हसून म्हणणार, "पोरीला शिकवतोय," आणि मूठ माझ्याकडे देणार. मी ऐकून झाल्यावर चहाचं विचारणार. "अण्णा, साधा करू का?" म्हणजे इंजिन चांगलं. "अण्णा, आल्याचा करू का?" म्हणजे आत आवाज आहे. बारा वर्षांच्या मुलीने चहाचं विचारलं तर कोण लक्ष देतंय? शिवाय अण्णांना आल्याचा चहा अजिबात चालत नसे. घशाला खवखवतं म्हणायचे. त्यामुळे आमच्या खोलीत आलं कधी नसायचंच, आणि मी काहीही विचारलं तरी शेवटी होणार साधाच चहा.

त्या युक्तीवर आम्ही वर्षभर गाड्या ऐकल्या. एकही चुकली नाही. मला त्याची गंमत वाटायची. खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटायचा.

महाडिक परत आला. अण्णांनी बॉनेटला हात लावून पाहिला आणि गाडी सुरू करायला सांगितली. पहिल्या किल्लीला उठली. अण्णांनी मागे जाऊन धुरांड्यापुढे पांढरं फडकं धरलं. त्यावर निळसर, तेलकट असं काही आलं नाही. तेलाचं झाकण काढून वर तळहात धरला. आतून हवेचा झोत येत नव्हता, म्हणजे इंजिन दम टाकत नव्हतं. मग माझा हात धरून त्यांनी इंजिनवर ठेवला. "सगळं कानानेच ऐकायचं नसतं. इंजिन हातालाही बोलतं. कळतंय?"

मला कळलं. एकसारखी, शांत थरथर होती. तात्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा उजेड आला.

वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं. शेड धुराने भरली. मग अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. नंतर मूठ माझ्यापुढे केली.

"पोरीला शिकवतोय," ते म्हणाले.

मी ऐकलं. आधी काही नव्हतं. महाडिकने अण्णांच्या सांगण्यावरून रेस दिली आणि सोडली. रेस उतरता उतरता आतून आलं. अगदी बारीक. ताटाच्या कडेवर नखाने वाजवावं तसं. टक, टक, टक. मग परत दबलं. पुन्हा रेस, पुन्हा तेच. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज होता तो. अण्णांनी मागे एकदा मला तसलं खाल्लेलं बेअरिंग हातात देऊन दाखवलं होतं आणि सांगितलं होतं, हे सपाटीवर महिनाभर निभावेल, पण चढावर जोर पडला की एक दिवस इंजिन जागच्या जागी जखडेल.

मी मूठ खाली घेतली. महाडिक तोवर खाली उतरून टायर दाखवत होता आणि अण्णा त्याच्या बाजूला वाकले होते. त्यांची पाठ माझ्याकडे.

"अण्णा," मी म्हटलं, "आल्याचा करू का?"

अण्णा वळले नाहीत. इंजिन चालू होतं, म्हणून मी जवळ गेले. दोन हातांवर. जरा मोठ्याने म्हटलं, "अण्णा, आल्याचा करू का?"

माझं वाक्य संपायच्या आतच महाडिक हसला. "अहो, पोरगी आल्यासाठी अडून बसलीय. करू द्या की तिला."

तो हसू लागताच अण्णांनी वळून माझ्याकडे पाहिलं होतं. तोवर माझं वाक्य संपत आलं होतं. माझ्या ओठांवर फक्त "करू का" उरलं होतं. आधीचं "साधा" त्यांनी मनानेच जोडलं असणार.

"कर, कर," ते हसून म्हणाले. मग तात्यांकडे वळले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "घ्या, तात्या. बिनघोर घ्या."

तात्यांनी दोन्ही हात जोडले. पिशवीतून नारळ काढला.

मी तिथेच उभी होते. ओरडून सांगता आलं असतं. पण कुणाला सांगायचं नाही असं मी कबूल केलं होतं, आणि वामन पांचाळांनी पास केलेल्या गाडीला त्यांच्याच मुलीने सगळ्यांसमोर नापास केलं असतं तर लोकांनी काय विचारलं असतं, हे मला कळत होतं. मी अण्णांचा शर्ट मागून ओढला. त्यांनी न बघताच माझ्या डोक्यावर थोपटलं. "ठेव गो चहा. तात्या पिऊन जातील."

मी पळाले. मागच्या दाराने, कुंपणातून, शेजारच्या मालतीकाकूंकडे.

"काकू, आलं द्या."

"तुमच्याकडे आलं? कुणाला सर्दी झालीय?"

"द्या ना काकू."

त्यांनी बोटभर तुकडा दिला. मी स्टोव्ह पेटवला. तुम्ही कधी पाणी उकळायची वाट बघितलीय? नुसती नाही, कुणाचं तरी काहीतरी त्यावर टांगलेलं असताना? मी आलं न सोलताच दगडाने ठेचलं आणि सगळंच्या सगळं टाकलं. बाहेर इंजिन बंद झालं. महाडिक म्हणत होता, "चला, नारळ फोडू आणि कागद करू." अण्णांचा आवाज आला, "चहा घेऊन फोडा. पोरीने ठेवलाय."

चार कप घेऊन मी बाहेर आले. अण्णांना पहिला दिला.

त्यांनी कप तोंडाशी नेला आणि थांबले. वास त्यांना आधीच लागला असणार. तरी त्यांनी घोट घेतला. गिळला. मग कपातून वर बघितलं, माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला त्या वेळी नीट कळलं नाही. मला वाटलं, रागावलेत.

"कधी विचारलंस?" ते हळू म्हणाले.

मी त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ स्पष्ट हलवत म्हटलं, "दोनदा."

अण्णांनी कप खाली ठेवला. गाडीच्या पुढच्या चाकाजवळच्या दगडापर्यंत तात्या पोचले होते. नारळाचा हात वर गेला होता.

"तात्या, थांबा," अण्णा म्हणाले. "ही गाडी घेऊ नका."

"म्हणजे?" महाडिक म्हणाला. "आत्ताच तर तुम्ही बिनघोर म्हणालात."

"म्हणालो. मला ऐकू आलं नाही म्हणून म्हणालो." अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि तात्यांच्या हातात दिला. "महाडिक, गाडी चालू करा. तात्या, तुम्हीच ऐका. कुंदा, त्यांना जागा दाखव. आवाज केव्हा येतो ते सांग. मोठ्याने सांग, सगळ्यांना कळू दे."

मी तात्यांचा हात धरून टोक टेकवलं. महाडिकने रेस दिली आणि सोडली. "आता," मी म्हटलं. तिसऱ्या वेळी तात्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मूठ कानापासून काढली आणि नारळ पिशवीत परत ठेवला.

"निर्मलाला मी या गाडीत घातलं असतं," ते म्हणाले, बहुधा स्वतःलाच.

महाडिकने इंजिन बंद केलं. "म्हणजे इतके दिवस ही बारकी पोर गाड्या पास करत होती? आणि आम्ही दहा-दहा मैलांवरून तुमच्या कानांवर भरवसा ठेवून येत होतो?"

अण्णांनी त्याच्या ओठांवरून नजर हलवली नाही. "होय," ते म्हणाले.

गाडीत बसताना, पाठ फिरवून, महाडिक अजून काहीतरी बोलला. ते मी तुम्हाला सांगणार नाही. मी ते ऐकलं. अण्णांनी नाही.

"काय म्हणाला?" त्यांनी मला विचारलं.

"येतो म्हणाला."

तात्या जाताना अण्णांच्या पाया पडायला वाकले. अण्णांनी त्यांना अर्ध्यातच धरलं. "पाया कसले पडता. मुलीला आत्ताच चिपळुणात आणून ठेवा, कुणा नातेवाइकाकडे. गाडीची वाट बघू नका." तात्यांनी तसंच केलं. महिनाअखेरीला इथल्या दवाखान्यात निर्मला बाळंत झाली आणि मुलगा रडला, असं त्यांनी मुद्दाम निरोप पाठवून कळवलं. पेढ्यांचा पुडा निरोपाबरोबर होता. पण त्यानंतर ऐकायला म्हणून आमच्याकडे एकही गाडी आली नाही. पावसाळ्याच्या आत अण्णा लाकडाच्या गिरणीवर कामाला लागले. तिथे कानांची गरज नव्हती, आणि थोडंफार जे उरलं होतं तेही त्या करवतीने नेलं.

पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं.

दोघे गेल्यावर अण्णांनी शेड झाडली. रोज झाडायचे तशी. स्क्रू ड्रायव्हर पुसून खिळ्याला अडकवला. मग बाकावर बसले. त्यांचा चहा तसाच होता, वर साय धरलेली. त्यांनी तो उचलला आणि थंडगार, खवखवणारा, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

मी समोर जमिनीवर बसले.

"अण्णा, तुम्ही म्हणाला होता, बारीक आवाज निसटतात. मी तर दोन हातांवर होते."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. ते बघणं मी वर्षभर पाहत आले होते. मन लावून ऐकतात असंच मलाही वाटत होतं.

"दिवाळीपासून गेलं ते," ते म्हणाले. "तुझे ओठ दिसले की तू काय म्हणतेस ते कळतं. आवाज मी माझ्या आठवणीतला लावतो. गेल्या वर्षीचा. आता तू मोठी होत जाशील, तुझा आवाज बदलेल. मला मात्र तोच ऐकू येत राहील." ते थोडं हसले. "तुझ्या आईचा लावतो ना, तसाच."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला. शेडचे पत्रे थरथरले. अण्णांनी बाकावर तळहात टेकवला होता, तो त्यांनी किंचित दाबला. ट्रक गेला हे त्यांना तिथून कळलं.

ते मी पाहिलं आणि उठले. अण्णांचा तो हात उचलला, तेलाने काळा, आल्याच्या वासाचा. त्यांना वाटलं मी त्यांना घरात न्यायला आलेय, म्हणून तेही उठू लागले. मी मान हलवली. त्यांचा तळहात माझ्या गळ्यावर ठेवला, इंजिनवर माझा ठेवून त्यांनी शिकवलं होतं अगदी तसा, बोटं मोकळी आणि जरा दाब देऊन. त्यांनी डोळे मिटेपर्यंत मी थांबले.

मग मी हाक मारली, "अण्णा."